काउंटरच्या आतल्या बाजूने: फार्मसीबद्दल तुमची पत्रं, माझी उत्तरं

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. एरवी गोळ्यांबद्दल विचारणारे वाचक मुलांबद्दल विचारू लागतात. या वेळची बहुतेक पत्रं फार्मसीच्या शिक्षणाबद्दल आणि नोकरीबद्दल आहेत, म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे. नव्या वाचकांसाठी सांगते, मी ठाण्यात वर्तकनगरला मेडिकल चालवते. त्याआधी रबाळ्याला गोळ्यांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये होते, आणि नंतर नेरुळच्या एका रुग्णालयाच्या फार्मसीत. पुढची उत्तरं या तीन जागांवरून दिसलेल्या गोष्टींची आहेत.

बारावी सायन्स झालो. गणित होतं, बायोलॉजी नव्हती. डी.फार्म करू की बी.फार्म? काका म्हणतात, दोन वर्षांत डी.फार्म उरक आणि मेडिकल टाक. — एक विद्यार्थी, कळवा

पहिली शंका आधी मिटवते. बायोलॉजी नाही म्हणून तुझी वाट अडत नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्री हवेतच, त्यांच्या जोडीला बायोलॉजी किंवा गणित, काहीही चालतं. बी.फार्मसाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते, ती गणिताच्या गटातून दिलेलीही चालते. डी.फार्मचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात. बी.फार्मच्या पहिल्या सेमिस्टरला गणितवाल्या मुलांसाठी रेमेडियल बायोलॉजी असा वेगळा विषयच ठेवलेला आहे. शरीररचना शिकताना सुरुवातीचे दोन-तीन महिने जड जातील, पण गणितवाली मुलं मागे राहिलेली मी पाहिलेली नाहीत. डोसचा हिशेब आणि द्रावणाची तीव्रता काढायची वेळ आली की तीच पुढे असतात.

काकांचं गणित चुकीचं नाही. डी.फार्म दोन वर्षांचं, त्यानंतर किमान तीन महिन्यांत पूर्ण करायचं ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण, आणि मग महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. २०२२ च्या नियमांनी डी.फार्मच्या मुलांसाठी नोंदणीआधी एक्झिट परीक्षेची तरतूद केली आहे: तीन पेपर, प्रत्येकात किमान ५० टक्के. तुझ्या वर्षाला नेमकं काय लागू आहे ते प्रवेश घेतानाच कॉलेजला आणि कौन्सिलला विचार. कौन्सिलचं कार्यालय मुलुंडला आहे, तुला कळव्याहून लांब नाही.

माझं मत विचारशील तर, तुला काउंटरवरच उभं राहायचं आहे हे पक्कं असेल तर डी.फार्म पुरेसं आहे आणि ते मनापासून कर. पक्कं नसेल तर बी.फार्म. चार वर्षं जातात, पण कारखाना, प्रयोगशाळा, औषध निरीक्षकाची एमपीएससी, एम.फार्म ही दारं त्या पदवीनेच उघडतात. आणि डी.फार्म केल्यावर मन बदललं तर बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यामुळे आजचा निर्णय जन्माचा नाही.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. ते ५०० तास सही-शिक्क्यावर काढून देणारी दुकानं आहेत. तू तिथे जाऊ नकोस. एखाद्या चालत्या मेडिकलमध्ये किंवा रुग्णालयात जाऊन खरोखर उभा राहा. माल आला की बिलावरचा बॅच नंबर खोक्याशी ताडून बघ, जवळची एक्स्पायरी पुढे लाव, फ्रिजचं तापमान लिही, डॉक्टरांची अक्षरं वाच. वाचता आलं नाही तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा, हे त्या तासांमध्येच अंगवळणी पडतं. नंतर ते शिकवायला कोणी बसलेलं नसतं.

मुलीला नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण मिळाले नाहीत. ती फार्मसीला जाते म्हणतेय, पण रोज रडते. आम्हाला तिची समजूत कशी काढावी कळत नाही. — एक आई, ऐरोली

ताई, तिला आत्ता समजावू नका, थोडे दिवस जाऊ द्या. आणि घरात कोणी «निदान फार्मसी तरी» असं म्हणत असेल तर त्यांना थांबवा. ते «तरी» मुलीच्या कानात चार वर्षं राहतं.

मग तिला विचारा की डॉक्टर होण्यातलं तिला नेमकं काय हवं होतं. रुग्णाजवळ असणं हवं असेल तर फार्म.डी. या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाची माहिती काढा. आपल्याकडे तो २००८ पासून आहे. पाच वर्षं शिक्षण आणि शेवटचं वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. वॉर्डात जाऊन रुग्णाच्या केसपेपरवरची सगळी औषधं एकत्र बघणं, कुठलं कुठल्याशी भांडतंय ते डॉक्टरांच्या लक्षात आणून देणं, किडनी कमजोर असेल तर डोस किती उतरवायचा ते काढून देणं, हे ते काम. अशा जागा अजून मोजक्याच रुग्णालयांत आहेत, हे मी लपवणार नाही. शरीर कसं चालतं याची ओढ असेल तर फार्माकोलॉजीत, म्हणजे औषध शरीरात काय करतं त्या विषयात, तिचं मन रमेल. आणि फक्त नावापुढची «डॉक्टर» ही अक्षरं हवी होती असं निघालं, तर तेही प्रांजळपणे बोलून घ्या. मग फार्मसीची घाई न करता वर्षभर थांबलेलं बरं. मन नसताना हा अभ्यास होत नाही. केमिस्ट्री पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सोबत असते.

राग मानू नका, पण स्ट्रिप कापून पैसे घ्यायला चार वर्षांचं शिक्षण कशाला लागतं? आमच्या नाक्यावरच्या दुकानात दहावी झालेला मुलगा पटापट औषधं काढून देतो. — एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा

काका, राग नाही. प्रश्न रास्त आहे, कारण तुम्हाला दिसतं ते तेवढंच. खोका शोधणं हे खरंच दहावीच्या मुलाला जमतं, आणि कदाचित माझ्यापेक्षा लवकर जमतं. पण खोका सापडल्यानंतर पुढे काय होतं ते सांगते.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठीवर तसं लिहिलेलंही असतं. पण आयुष्यभर बीपी-शुगरच्या गोळ्या रोज घेणाऱ्या माणसाचा हात सवयीने हीही रोज घेतो. रोज घेतली तर तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावरही बेततं. माझ्याकडे ही गोळी न्यायला कोणी आलं की मी आधी वार विचारते आणि स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून देते, «फक्त रविवारी». सोबत फॉलिक ॲसिड असेल तर त्याचा वार वेगळा. घरातलं दुसरं कोणी न्यायला आलं असेल तर त्यांच्याकडून तो वार वदवून घेते, मगच पिशवी हातात देते.

लहान मुलांचं पॅरासिटामॉल घ्या. थेंबांच्या बाटलीत साधारण एका मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये पाच मिलिलीटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. आई म्हणते, «मागच्या वेळी अर्धा चमचा दिला होता, तेवढाच देऊ ना?» मागच्या वेळी सिरप होतं आणि आज हातात थेंब आहेत, तर तो अर्धा चमचा बाळाला दुप्पट ते चौपट औषध घालतो. म्हणून मी बाळाचं वजन विचारते आणि ड्रॉपरवर पेनाने खूण करून देते.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून किमान चार तास लांब. आपल्याकडच्या कितीतरी बायका सकाळी चहाबरोबर तिन्ही एकदम घेतात आणि मग थायरॉइडचा रिपोर्ट सुधारत नाही म्हणून डोस वाढत जातो. इन्शुलिन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठलं की ते फेकायचं. दम्याचा स्टेरॉइडवाला पंप ओढल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी कालवायचं; ग्लासभर पाण्यात थोडी-थोडी पूड टाकून दिली तर क्षारांचं प्रमाण बिघडतं आणि जुलाबाने सुकलेल्या लेकराला उलट त्रास होतो.

आणि पावसाळ्यात येणारं गजकर्ण. ओल्या कपड्यांनी लोकलच्या गर्दीत तासभर उभं राहिलेला माणूस संध्याकाळी येतो आणि म्हणतो, «ती सगळं एकत्र असलेली ट्यूब द्या.» त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर जहाल स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि महिन्याभरात गजकर्ण मांडीवरून पोटावर जातं, कातडी पातळ होते, साधं औषध लागू पडेनासं होतं. २०१८ पासून असली स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. नाक्यावरचा तो मुलगा ट्यूब देतो, कारण गिऱ्हाईक मागतं. मी देत नाही. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, जाऊ दे. कधी कधी तेच गिऱ्हाईक दोन महिन्यांनी त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी घेऊन परत येतं.

हे सगळं फार्माकोलॉजीत, फार्मास्युटिक्समध्ये (औषध बनवण्याच्या शास्त्रात), कायद्याच्या पेपरात शिकवलेलं असतं. चार वर्षं त्याला लागतात.

माझं डी.फार्म झालंय, रजिस्ट्रेशनही आहे. सध्या तुर्भ्याला एका गोदामात हिशेबाचं काम करतो. एक मेडिकलवाला म्हणतो, तुझं सर्टिफिकेट माझ्या दुकानात लाव, तुला यायची गरज नाही, महिन्याला घरबसल्या पैसे देतो. घरचे म्हणतात, काय हरकत आहे? माझे दोन मित्र हेच करतात. — एक वाचक, दिवा

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. नाही म्हण. आजच फोन करून नाही म्हण.

कारणं सांगते. दुकानाला एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, किरकोळ विक्रीचा परवाना मिळतो तो नोंदणीकृत फार्मासिस्टच्या नावावर उभा असतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ म्हणतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषधांचे १९४५ चे नियम सांगतात की चिठ्ठीवरची विक्री त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हायला हवी. प्रत्यक्ष, म्हणजे तू तिथे हवास. तू तुर्भ्याला आणि तुझं नाव दिव्याच्या भिंतीवर, यात देखरेख कुठे आली?

आता त्या दुकानात काय काय तुझ्या नावाने चालेल ते बघ. शेड्यूल एच-१ नावाची यादी १ मार्च २०१४ पासून लागू झाली. त्यात वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स आहेत, टीबीची औषधं आहेत, सवय लागणाऱ्या झोपेच्या गोळ्या आहेत. यातलं काहीही विकलं की रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध आणि किती दिलं ते वेगळ्या नोंदवहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. ती नोंद तुझ्या नावाने कोणीतरी दुसराच करेल, किंवा करणारच नाही. समज, एखाद्या कॉलेजातल्या पोराला तिथून रोज अल्प्राझोलामच्या, म्हणजे त्याच सवय लागणाऱ्या गोळ्यांच्या, स्ट्रिपा मिळत राहिल्या आणि एक दिवस काही झालं. इन्स्पेक्टर परवाना काढून बघतील, आणि त्यावर नाव तुझं. मालकासाठी ते एक दुकान आहे, उद्या दुसऱ्या नावाने उघडेल. तुझी नोंदणी मात्र एकच. कौन्सिलला ती रद्द करायचा अधिकार आहे, आणि नोंदणी गेली की दोन वर्षांची पदविका नुसता कागद.

महाराष्ट्रात २०१२ नंतर एफडीएने फार्मासिस्ट हजर नसेल तर विक्री नाही, असा आग्रह धरला तेव्हा मोठा गदारोळ झाला, दुकानं बंद ठेवली गेली. मी तेव्हाही त्या आग्रहाच्या बाजूची होते. आमच्याच धंद्यातली माणसं म्हणायची, इतके फार्मासिस्ट आणायचे कुठून? मिळायचे कुठून, सगळे भिंतींवर टांगलेले! तुझ्यासारखा शिकलेला मुलगा गोदामात हिशेब लिहितो आणि त्याच वेळी त्याच्या जागी कोणीतरी अंदाजाने डोस सांगतो, हे मला सहन होत नाही. त्या दुकानात उद्या तुझी आजी औषध घ्यायला जाईल.

पैशाची गरज मला समजते. म्हणून त्या मालकालाच उलट विचार: «मी येऊन बसतो, संध्याकाळी पाच ते दहा, तेवढ्या वेळात चिठ्ठीवरची विक्री माझ्यासमोर होईल, दिवसाच्या वेळेसाठी दुसरा फार्मासिस्ट ठेवा. पगार द्या.» मोठी दुकानं दोन पाळ्यांत दोन फार्मासिस्ट ठेवतातच. तो नाही म्हणाला तर त्याला काय हवं होतं ते तुला कळलंच. दिवा, डोंबिवली, ठाणे या पट्ट्यात रुग्णालयांच्या फार्मसीत रात्रपाळीला माणसं लागतात. तिथे विचार. कामाला लागलास की नेमणुकीचं पत्र घे, आणि जेव्हा सोडशील तेव्हा राजीनाम्याची माहिती एफडीएला स्वतः दे, त्याची पोच जपून ठेव. अनेकजण दुकान सोडतात आणि नाव तिथेच लटकत राहतं.

आणि तुझ्या त्या दोन मित्रांना हे वाचायला दे.

बी.फार्म करून लग्न झालं, मुलं झाली, आठ-नऊ वर्षं घरी आहे. आता धाकटा शाळेत जातो. काउंटरवर दहा तास उभं राहणं जमणार नाही. माझ्यासाठी काही आहे का? — एक वाचक, कोपरखैरणे

आहे, आणि तुमच्या घराजवळच आहे. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांमध्ये फार्माकोव्हिजिलन्सचं काम चालतं. औषध बाजारात आल्यावर त्याचे जे दुष्परिणाम जगभरातून कळवले जातात ते नोंदवायचे, तपासायचे, आणि मुदतीत सरकारी यंत्रणांकडे पोहोचवायचे, असं ते काम. याची गरज जगाला थॅलिडोमाइडने शिकवली. १९५७ ते १९६१ या काळात गरोदर बायकांना मळमळीसाठी ते दिलं गेलं आणि हजारो बाळं हातापायांची व्यंगं घेऊन जन्मली. औषध सुरक्षित आहे म्हणून विकलं जात होतं. धोका लक्षात आला तो जन्मलेली बाळं पाहून.

काम कसं असतं? एक तक्रार येते. तिच्यात चार गोष्टी आहेत का ते आधी बघायचं: ओळखता येईल असा रुग्ण, कळवणारी व्यक्ती, संशयित औषध आणि झालेला त्रास. चारही असतील तर ती केस. मग ती गंभीर आहे का: मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती, कायमचं अपंगत्व, बाळात व्यंग. गंभीर आणि अनपेक्षित असेल तर कळवायला साधारण पंधरा दिवस मिळतात. मग सगळा घटनाक्रम नीट, कोरड्या भाषेत लिहायचा. पुष्कळशी माहिती इंग्रजीत, संगणकासमोर, डोळ्यांना ताण. पण बसून करायचं काम आहे आणि फार्माकोलॉजी इथे रोज वापरावी लागते.

तयारीसाठी दोन गोष्टी. कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल तर ते आधी करून घ्या, नोकरी कुठलीही असो. आणि फार्माकोलॉजीचं जुनं पुस्तक काढून रोज एक गट वाचा, कारण तुम्ही घरी होतात तेवढ्या काळात मधुमेहाचीच कितीतरी नवी औषधं आली आहेत. मुलाखतीत खंडाबद्दल विचारतील. मुलं लहान होती, एवढं सरळ सांगा आणि पुढचं बोला.

या निमित्ताने सगळ्याच वाचकांना सांगते, औषधाने त्रास झाला तर तो तुम्हीही कळवू शकता. भारतात २०१० पासून यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४.

मुलाचं डी.फार्म होतंय. नेरुळला गाळा बघतोय. मेडिकल टाकून द्यावं का? किती सुटतं? — एक वडील, सीवूड्स

जागा किमान दहा चौरस मीटर हवी, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. फ्रिज हवा. परवाने फॉर्म २० आणि २१ मध्ये मिळतात. जागेचा करारनामा, नकाशा, फार्मासिस्टची कागदपत्रं लागतात. परवान्याची फी दर पाच वर्षांनी भरावी लागते. हे सगळं होतं, त्यात काही अवघड नाही.

अवघड आहे ते हिशेबाचं. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के धरलेले असतात, बाकीच्यांवर रूढीने २० टक्क्यांच्या आसपास. त्यातून गाळ्याचं भाडं, पोराचा आणि मदतनीसाचा पगार, एसी-फ्रिजचं वीजबिल, एक्स्पायर झालेला आणि परत न गेलेला माल. आता गिऱ्हाईक दारात पाऊल ठेवल्याबरोबर विचारतं, किती टक्के सूट? दहा टक्के दिलीत की शंभरातले दहा गेले असं वाटतं, पण गेले ते तुमच्या वीसमधले दहा, म्हणजे निम्मा नफा. समोर मोबाईलवरून घरपोच औषधं देणाऱ्या कंपन्या आहेत, सूट देण्यात त्यांच्याशी कोणी जिंकत नाही.

म्हणून माझा सल्ला, लगेच टाकू नका. मुलाला दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात किंवा रुग्णालयात काम करू द्या. उधारी कोणाला द्यायची, स्टॉकिस्टच्या (घाऊक विक्रेत्याच्या) स्कीमला भुलून किती माल उचलायचा नाही, कुठल्या डॉक्टरांच्या जवळ काय चालतं, हे त्याला कळू द्या. जन औषधी केंद्राचाही विचार करा. तिथे औषधं जेनेरिक नावाने आणि पुष्कळ स्वस्त असतात, म्हातारी माणसं महिन्याचं सामान घ्यावं तशी येतात. फार्मासिस्ट तिथेही लागतोच.

एक गोष्ट मुलाला सांगा. «कंटेंट सेम आहे ना, मग दुसरी कंपनी द्या,» असं गिऱ्हाईक रोज म्हणेल. शेड्यूल एचच्या औषधात चिठ्ठीवरचा ब्रँड दुकानदाराने आपल्या मनाने बदलायचा नाही, असा नियम आहे. डॉक्टरांना फोन लावायचा, विचारायचं, चिठ्ठीवर तशी नोंद करायची. गरीब माणसाचे पैसे वाचवायला मी हे फोन करते आणि बहुतेक डॉक्टर हो म्हणतात.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. फार्मसीत सगळं इंग्रजी असतं म्हणे. मला जमेल का? — एक विद्यार्थिनी, दिघा

जमेल. पहिलं वर्ष जड जाईल. पुस्तकं इंग्रजीत आहेत, पेपर इंग्रजीत लिहायचे आहेत, आणि औषधांची नावं तर कोणालाच घरी ऐकून माहीत नसतात, इंग्रजी माध्यमवाल्यांनाही नाही. तिथे सगळे एकाच रेषेवर उभे असतात. शरीररचनेचा आणि फार्मास्युटिकल केमिस्ट्रीचा धडा वर्गात शिकवण्याआधी एकदा वाचून जा, शब्द ओळखीचे झाले की व्याख्यान कानात शिरतं. एक वही कर. रोज एक औषध: नाव, कशासाठी, कधी घ्यायचं, काय टाळायचं. चिठ्ठीवरची ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना), एसओएस (गरज पडली तर) ही अक्षरं पहिल्या महिन्यात पाठ कर. प्रत्येक औषधाखाली एक ओळ मराठीत लिही, जशी तू काउंटरवर उभ्या असलेल्या मावशींना सांगशील. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हीच वही करायला लावते, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुली नेमक्या त्या मराठी ओळीशी अडतात.

दिघ्याहून बेलापूर, सानपाडा, नेरुळ, सगळीकडे फार्मसीची कॉलेजं लोकलच्या अंतरावर आहेत. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेव. दरवर्षी चांगल्या गुणांची मुलं त्या एका कागदासाठी अडकतात. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भर. काही अडलं तर पुन्हा पत्र लिही.